संधिवात : काठीची लाज कशाला?

नायगावपासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका खेड्यातील सत्तरीच्या आजी माझ्याकडे दीड वर्षापासून गुडघेदुखीसाठी येत असत. दर खेपेला बोलणे तेच. "गुडघे लई दुखायलेत डॉक्टरसाहेब, जरा कडक गोळी द्या." मी गुडघे दाबून पाहत असे, वजन कमी करायला सांगत असे आणि गोळ्या लिहून देत असे. एका उन्हाळ्यात त्या आल्या तेव्हा जीभ कोरडी पडलेली, लघवीला जळजळ, पायांवर सूज. रक्त तपासले तर क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आलेला.

सोबत आलेल्या सुनेला मी विचारले, "पाणी किती पितात या?" ती म्हणाली, "पाणीच पीत नाहीत. सांगून सांगून थकलो आम्ही." आजी खाली मान घालून बसल्या होत्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "पाणी पिलं की संडासला जावं लागतंय. बसले की उठायलाच येईना. मागं दोनदा सुनेला हाक मारावी लागली. लाज वाटती बाबा. त्यापेक्षा पाणी नको अन् पोटभर जेवणही नको."

उन्हाळा, अर्धपोटी शरीर, कमी पाणी आणि त्यावर वेदनाशामक गोळ्या. म्हातारपणी मूत्रपिंड बिघडायला एवढे पुरेसे होते. कुठे दुखते हे मी दर वेळी विचारले होते. दुखण्यामुळे कोणते काम अडते हे एकदाही विचारले नव्हते. ही चूक माझी होती. ती मला नीट समजली, म्हणून आजचा हा लेख.

संधिवाताच्या रुग्णाला गोळीइतकीच गरज असते ती रोजची कामे सोपी करणाऱ्या साधनांची. काठी, कमोडची खुर्ची, भिंतीतली दांडी, जाड मुठीचा चमचा. यातील बरीच साधने आपल्याच गावातले सुतार आणि वेल्डर करून देऊ शकतात. अडते ते पैशापेक्षा माहितीवाचून आणि लाजेमुळे.

दुखणे कोणते ते आधी ओळखा

आपल्याकडे कोणत्याही सांधेदुखीला 'वात' म्हणतात. प्रत्यक्षात त्यात निरनिराळे आजार असतात. सर्वांत जास्त आढळतो तो झिजेचा संधिवात. सांध्यातील हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. वय, वाढलेले वजन, जुनी इजा, वर्षानुवर्षांचे कष्ट यांमुळे ते खराब होते. गुडघा चालताना व उठताना दुखतो, विश्रांतीने बरे वाटते.

दुसरा प्रकार आमवाताचा, ज्याला डॉक्टर रुमॅटॉइड म्हणतात. यात शरीराची संरक्षणयंत्रणाच सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात आणि सकाळी उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ हात आखडलेले राहतात. हा आजार तिशी-चाळिशीतही होतो, स्त्रियांमध्ये अधिक होतो आणि त्यावर लवकर औषध सुरू केले तर बोटे वाकडी होणे बरेचसे टाळता येते. अशा रुग्णांनी साधनांवर किंवा घरगुती तेलावर वेळ न काढता आधी तज्ज्ञांकडे जावे. एखादा सांधा एकाएकी लाल, गरम झाला आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ही दुखणी आपल्या महाराष्ट्रात किती आहेत? पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली. सुमारे चार हजार प्रौढांपैकी शेकडा अठरा जणांना सांधे, स्नायू वा हाडांचे दुखणे आढळले. शेतावर राबणाऱ्या गावाचा हा हिशेब आहे. आपली गावे काही निराळी नाहीत.

आपले सगळे जगणे जमिनीलगत

आपल्याकडे भाकरी बसून थापायची, भाजी विळीवर बसून चिरायची, धुणे उकिडवे बसून धुवायचे, पंगत खाली मांडून जेवायची, अंथरूण जमिनीवर टाकायचे आणि शौचाला उकिडवे बसायचे. निरोगी माणसाला यात काही वाईट नाही. उलट मांडी घालून बसण्याने सांधे लवचीक राहतात. पण गुडघा एकदा झिजला की उकिडवे बसणे आणि त्यातून उठणे ही त्याच्यावरची सर्वांत जड कामे ठरतात. त्या वेळी गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो.

म्हणून आपल्या रुग्णांसाठी साधनांचे पहिले सूत्र एकच : काम जमिनीवरून उचलून गुडघ्याच्या किंवा कमरेच्या उंचीवर आणायचे. परदेशी पुस्तकांतील याद्या पाहून चालत नाही. जयपूरच्या कृत्रिम पायाचे उदाहरण पाहा. परदेशी पद्धतीचे पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी अनवाणी चालणाऱ्या, शेतात जाणाऱ्या, खाली बसणाऱ्या माणसाला चालेल असा पाय तयार केला. त्या कामासाठी डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. साधन माणसाच्या राहणीला जुळले पाहिजे, हा त्यातला धडा. आणि कारागिराच्या हाताशिवाय ते जमले नसते, हा दुसरा.

सुरुवात शौचालयापासून

गेल्या काही वर्षांत गावोगाव शौचालये झाली, ही मोठी गोष्ट आहे. पण बहुतेकांत खाली बसायचे भांडे आहे. गुडघे गेलेल्या माणसाला ते असून नसल्यासारखे. यावर तीन उपाय आहेत.

पहिला, खर्चाचा पण कायमचा उपाय म्हणजे भांडे काढून उंच कमोड बसवणे. खड्डा तोच चालतो, मात्र जोडणी गवंड्याकडून नीट पाहून घ्यावी.

दुसरा उपाय स्वस्त. खाली बसायच्या भांड्यावर ठेवता येईल अशी, बैठकीला मधोमध भोक असलेली खुर्ची. ती औषधाच्या मोठ्या दुकानांत तयार मिळते. वेल्डरकडून लोखंडी पाइपची किंवा सुताराकडून लाकडाचीही करून घेता येते. करून घेताना चार गोष्टी पाहाव्यात. बैठकीची उंची त्या माणसाच्या मापाची हवी. पायांत चप्पल घालून ताठ बसवावे आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंतचे अंतर मोजावे. ते बहुधा १६ ते १८ इंच भरते. उठायला फारच त्रास होत असेल तर त्यात एक-दोन इंच वाढवावेत, मात्र बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. खुर्चीला दोन्ही बाजूंना मजबूत हात हवेत, कारण उठताना भार गुडघ्यावरून हातांवर घ्यायचा असतो. चारही पायांना रबरी बुचे हवीत. आणि आजीला बसवण्याआधी घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने त्यावर बसून, हलून पाहावे.

तिसरा उपाय भिंतीतल्या दांडीचा. दीड इंची पाइपचा तुकडा भिंतीत पक्का बसवावा. बसलेल्या माणसाचा हात सहज पोचेल अशी आडवी दांडी किंवा बाजूला उभी दांडी चालते. भिंत मातीची किंवा कच्ची असेल तर दांडी भिंतीत न ठोकता जमिनीत काँक्रीट करून खांबासारखी उभी करावी. नळाला, बादलीला किंवा टॉवेलच्या नाजूक दांडीला धरून उठण्याची सवय घातक. ती निखळली की माणूस पाठीवर पडतो.

आणखी दोन बारीक गोष्टी. शौचालयाचा दरवाजा बाहेर उघडणारा असावा. माणूस आत पडला तर आत उघडणारा दरवाजा त्याच्याच अंगाने अडतो. आणि पाण्याची बादली विटांच्या चवड्यावर ठेवावी, म्हणजे मगासाठी वाकावे लागत नाही.

काठी : कोणत्या हातात, किती उंच?

माझ्या दवाखान्यात काठी घेऊन येणाऱ्या दहाजणांपैकी निम्म्यांच्या काठीत काहीतरी चूक असते. सर्वांत मोठी चूक हाताची. दुखरा पाय डावा असेल तर लोक काठी डाव्याच हातात धरतात. ती उजव्या हातात हवी.

याचे कारण सोपे आहे. चालताना उजवा पाय उचलला की सगळा भार डाव्या पायावर येतो आणि शरीर उजवीकडे, म्हणजे आधार नसलेल्या बाजूला झुकू पाहते. त्याच वेळी उजव्या हातातली काठी टेकलेली असेल तर ती त्या बाजूचा भार उचलते आणि डाव्या पायाचे काम हलके होते. म्हणून काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढे टाकायचा, मग चांगला पाय. दोन्ही गुडघे दुखत असतील तर जो जास्त दुखतो त्याच्या विरुद्ध हातात काठी धरावी.

उंचीचे माप असे घ्यावे. रोजची चप्पल घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत. मनगटाच्या वळीपर्यंत काठीची मूठ आली पाहिजे. म्हणजे काठी टेकल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. काठी उंच असेल तर खांदा वर चढून मान दुखते, बुटकी असेल तर माणूस वाकतो आणि कंबर धरते. घरातल्या आजोबांची जुनी काठी आजींना देताना हे माप पाहावे. शिबिरात किंवा दुकानात मिळालेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या काठीला छिद्रे व कळ असते. ती कमी-जास्त करता येते, पण अनेकजण जशी मिळाली तशीच वापरत राहतात.

काठीच्या टोकाला रबरी बूच हवेच. ओल्या शहाबादी फरशीवर नुसते लाकूड किंवा लोखंड घसरते. बुचाची खालची नक्षी झिजून गुळगुळीत झाली की ते बदलावे.

पायऱ्या चढताना चांगला पाय आधी वर, मग काठी आणि दुखरा पाय. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. 'चांगला वर, दुखरा खाली' एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. एसटीत चढतानाही हाच नियम. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, पण पहिली पायरी चढता आली तरच त्याचा उपयोग. एका हाताने दरवाजाची दांडी धरावी, काठी सोबतच्या माणसाकडे द्यावी आणि चांगला पाय आधी टाकावा.

तोल जात असेल तर तीन किंवा चार पायांची काठी बरी. दोन्ही पाय कमजोर असतील तर वॉकर घ्यावा. वॉकर आधी पुढे ठेवावा, त्याचे चारही पाय टेकले की दुखरे पाऊल, मग दुसरे. वॉकर घेऊन जिना चढू नये. आपल्या जुन्या घरांतले उंच उंबरठे वॉकरचे शत्रू. तिथे सिमेंटचा उतार करून घ्यावा. एक इंच उंचीला एक फूट लांबी या हिशेबाने केलेला उतार चालायला सोपा जातो.

उठणे-बसणे आणि झोपणे

घरात एक खुर्ची त्या माणसाच्या नावाची असावी. तिला हात असावेत, बैठक घट्ट असावी, उंची वर सांगितलेल्या मापाची. मऊ सोफा बसायला छान वाटतो, पण त्यातून उठताना गुडघ्याची परीक्षा होते. हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात. ती वापरायचीच तर भिंतीला टेकवून ठेवावी. उठताना आधी बैठकीच्या कडेला सरकावे, पाय मागे घ्यावेत, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबावेत आणि नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतके वाकून उठावे. एवढ्यानेही फरक पडतो.

झोपायला जमिनीवरचे अंथरूण नको. सैल पडलेली बाजही नको, कारण तिच्यात शरीर रुतते. लाकडी पलंग किंवा फळ्या टाकलेली खाट बरी. ती बुटकी असेल तर सुताराकडून पायांना ठोकळे जोडून घ्यावेत. ठोकळ्याला मधे खाच पाडलेली असली की पाय सरकत नाही. नुसत्या विटा ठेवल्या तर त्या निसटतात.

पंगतीत, कीर्तनात, हरिपाठाला आता खुर्च्या दिसू लागल्या आहेत. मशिदीतही वयस्क मंडळी खुर्चीवर बसून नमाज अदा करतात. देवाच्या दारी जे चालते ते घरच्या जेवणाला का चालू नये? घरातल्या एकट्या आजीला उंच खुर्चीवर बसवून बाकीचे खाली जेवायला बसले तर तिला अवघडल्यासारखे होते. एका घरात मी पाहिले, सासूबाईंसोबत नातूही रोज टेबलाशी जेवायला बसतो. औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहिता येत नाही, पण असे घडले की साधन वापरले जाते. नाहीतर ते अडगळीत जाते.

हाताच्या बोटांसाठी

आमवातात मुख्य अडचण मुठीची. बारीक वस्तू घट्ट धरायला बोटांवर फार जोर येतो. तीच वस्तू जाड केली की जोर कमी लागतो. चमचा, उलथने, सुरी, पेन, कंगवा यांच्या दांड्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा सुती कापड गुंडाळून ती सुमारे दीड इंच जाड करावी. कापड मळते म्हणून अधूनमधून बदलावे. उलथन्यासारख्या तापणाऱ्या वस्तूला कापड किंवा लाकूडच वापरावे, रबर नको. सायकलच्या हँडलची रबरी मूठही काही दांड्यांना नेमकी बसते.

बरणीचे झाकण उघडायला ट्यूबचाच चौकोनी तुकडा झाकणावर ठेवावा आणि बोटांऐवजी तळहाताने फिरवावे. गोल फिरवायच्या नळाऐवजी दांडीचा नळ बसवावा, तो मनगटाने किंवा कोपराने ढकलता येतो. कपडे पिळताना ते नळाच्या पाइपभोवती घालून दोन्ही टोके एकत्र धरून पीळ द्यावा. तापलेले पातेले सांडशीने एका हाताने उचलण्याऐवजी दोन कानांचे भांडे वापरावे. गुळगुळीत तांब्याऐवजी मोठ्या कानाचा मग बरा. पिशवी बोटांत अडकवू नये, कोपराच्या वर किंवा खांद्यावर घ्यावी. बादली अर्धीच भरावी. खेप एक जास्त झाली तरी चालेल.

स्वयंपाक शक्यतो ओट्यावर आणावा. चुलीवर करणाऱ्यांनी विटांचा ओटा बांधून चूल त्यावर घ्यावी, मात्र उभ्याने काम करताना पदर खोचलेला असावा. फार वेळ उभे राहवत नसेल तर उंच स्टूल ठेवावे. विळी सोडून जाड मुठीची सुरी घ्यावी. पीठ मळताना परातीखाली ओले फडके ठेवले की परात सरकत नाही आणि बोटांचा जोर वाचतो. पीठ बोटांनी न मळता तळहाताच्या टाचेने मळावे. आणि खरे सांगायचे तर चार-पाच माणसांच्या भाकरी थापण्याचे काम आमवात झालेल्या बाईकडून काढून घेणे हेच उत्तम साधन आहे. घरात दुसरे हात असतात. ते पुढे यायला हवेत.

ब्लाऊजच्या हुकांऐवजी आणि सदऱ्याच्या बारीक गुंड्यांऐवजी चपलेला असते तशी चिकटणारी पट्टी शिवून घ्यावी. बाहेरून गुंडी तशीच दिसते. लांब दांड्याचा झाडू आणि उभ्याने पुसायचे पोछे आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात. खाली पडलेली वस्तू उचलायला लांब दांड्याचा चिमटा मिळतो.

पडणे टाळा

म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे म्हणजे अनेकदा शस्त्रक्रिया आणि महिनोन् महिने परावलंबन. म्हणून साधने आणताना घरातले धोकेही काढावेत. दारात पाय पुसायला टाकलेले गोणपाट पायाखाली सरकते. ते काढावे किंवा मागून रबर असलेले पायपुसणे घ्यावे. न्हाणीची शहाबादी शेवाळली असेल तर घासून काढावी, गुळगुळीत झाली असेल तर टाकी मारून खरबरीत करून घ्यावी. अंथरुणापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्री बारीक दिवा असावा आणि वीज जाते हे गृहीत धरून उशाशी बॅटरी ठेवावी. पायात टाच धरणारी चप्पल असावी. झिजलेली, सैल स्लीपर नको.

नेहमीच्या शंका

*काठी घेतली की सवय लागेल आणि पाय आणखी कमजोर होतील, हे खरे का?*
नाही. पाय कमजोर होतात ते न चालल्याने. दुखते म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने मांडीचे स्नायू सुकतात आणि स्नायू सुकले की गुडघा जास्त दुखतो. काठीमुळे चालणे वाढत असेल तर तिचा फायदाच होतो. चष्म्याने डोळे आळशी होतात असे आपण म्हणत नाही.

*नी-कॅप दिवसभर घालावी का?*
चालताना, बाजाराला जाताना घालायला हरकत नाही. रात्री झोपताना काढावी. घट्ट बसून पायाला सूज किंवा मुंग्या येत असतील तर माप चुकले आहे. नी-कॅप व्यायामाची जागा घेऊ शकत नाही. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करावा, मांडी घट्ट करून पाच अंक मोजावेत, सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. हा व्यायाम टीव्ही पाहतानाही होतो.

*वजन कमी केल्याने खरेच फरक पडतो का?*
पडतो. चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. त्यामुळे अंगावरचे पाच किलो उतरले तर गुडघ्याच्या दृष्टीने ओझे त्याहून पुष्कळ जास्त उतरते.

*मग गोळ्या बंद कराव्यात का?*
मनाने काहीच बंद करू नये. पण वेदनाशामक गोळी दुकानातून परस्पर आणून रोज घेणे थांबवावे, विशेषतः साठीनंतर आणि रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. आमवाताच्या औषधांपैकी मेथोट्रेक्सेट हे औषध सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. त्याचा वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी.

सरकारी मदत

ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली. ६० वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्नाच्या व्यक्तींना तपासणी शिबिरांतून काठी, वॉकर, चाकाची खुर्ची यांसारखी साधने मोफत देण्याची ती योजना. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात ६५ वर्षांवरील व वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांपर्यंत असलेल्या ज्येष्ठांच्या बँक खात्यात साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये देण्याची तरतूद होती. काठी, वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस, कमरेचा पट्टा ही साधने त्यात धरलेली आहेत. अर्ज केव्हा घेतले जातात आणि अटी काय आहेत, याची चौकशी नांदेड किंवा लातूरच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. पैसे हाती आले तर आधी कोणते काम अडते ते ठरवून त्याचेच साधन घ्यावे. शेजाऱ्याने चाकाची खुर्ची घेतली म्हणून आपणही घेऊ नये. चालता येणाऱ्या माणसाला चाकाच्या खुर्चीत बसवणे म्हणजे त्याचे चालणे बंद करणे.

कोणते साधन योग्य हे ठरत नसेल तर एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. जाताना घरचे एक माणूस सोबत असावे आणि शौचालयाचे व पलंगाचे माप कागदावर लिहून न्यावे.

आजींचे पुढे काय झाले?

गोळ्या थांबवल्या, पाणी वाढवले, लघवीतील जंतुसंसर्गावर उपचार केले. पण खरा उपचार त्यांच्या मुलाने केला. मी कागदावर चार रेघा ओढून दिल्या आणि आजींचे माप घ्यायला सांगितले. त्याने गावच्या वेल्डरकडून पाइपची खुर्ची करून घेतली. पहिल्या दिवशी आजी तिच्यावर बसायला तयार नव्हत्या. "मेल्यावर तिरडी आणा, आत्ताच ही खुर्ची कशाला?" असे म्हणाल्या. सुनेने वाद घातला नाही. खुर्ची तिथेच राहू दिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून वापरली.

दोन महिन्यांनी रक्ततपासणी बरीच सुधारली होती. गुडघे अजून दुखतात. ते दुखणारच. पण त्या आता काठी घेऊन मारुतीच्या पारापर्यंत जातात आणि घरी आल्यावर तांब्याभर पाणी पितात. मी विचारले, "काठीची लाज वाटत नाही का आता?" त्या म्हणाल्या, "लाज कशाची? सुनेला हाक मारायची लाज होती, ती गेली."

वाचकहो, आपल्या घरातही असे कुणी असेल. आज रात्री त्यांच्यापाशी बसून तीन प्रश्न विचारा. संडासला बसून उठता येते का? दिवसभरात पाणी किती पिता? कोणते काम करायचे तुम्ही हल्ली टाळता? पहिल्यांदा 'काही नाही, ठीक आहे' असेच उत्तर येईल. जरा थांबा, पुन्हा विचारा. उत्तर कळले की टेप घेऊन मापे काढा आणि उद्या सुताराकडे जा.